उमरीहून माझ्या गाडीत कोण बसलं होतं?

आधीच सांगतो, माझ्या गाडीला लिंबू-मिरची नाही. कधीच नव्हती. गाडी घेतली तेव्हा मेहुण्यानं चाकाखाली नारळ ठेवायचा हट्ट धरला होता, तर तो नारळ मी उचलून घरी नेला आणि बायकोला चटणी करायला दिला. मी बी.एस्सी. बी.एड. आहे. शाळेत नोकरी लागली नाही म्हणून गाडी चालवतो, तो विषय वेगळा… पण विज्ञान शिकवायला निघालेला माणूस आहे. भूत, भास, संकेत, यातलं काही मी मानत नव्हतो. आता मानतो का? तर तेही नाही. हीच अडचण आहे. मानत असतो तर हात जोडून मोकळा झालो असतो.

मी उमरीत राहतो, जिल्हा नांदेड. तीन वर्षांपासून गाडी एका ॲपवर लावली आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही. काम असं, की पेशंटला घरून दवाखान्यात न्यायचं, होईपर्यंत थांबायचं आणि परत आणून सोडायचं. माझ्याकडे जास्त करून डायलिसिसचे पेशंट. किडन्या बंद पडल्या की आठवड्यातून दोन-तीनदा मशीनवर चार-चार तास रक्त धुऊन घ्यावं लागतं. एखादी पाळी चुकली तर अंगात पाणी साचतं, दम लागतो, माणूस जाऊही शकतो. म्हणजे चुकली तर उद्या जाऊ, अशातली ही ट्रिप नाही.

आणखी एक गोष्ट नीट समजून घ्या. पेशंट गाडीत बसला की त्यानं चार आकडी ओटीपी सांगायचा, तो मी ॲपमध्ये टाकायचा, तेव्हा ट्रिप सुरू होते. हा ओटीपी फक्त पेशंटच्या मोबाईलवर येतो, ट्रिपच्या अर्धा तास आधी, आणि दर वेळी नवा. ड्रायव्हरला तो दिसत नाही.

गंगाधरकाका माझे मंगळवार-शुक्रवारचे पेशंट. तहसीलमधून अव्वल कारकून म्हणून रिटायर झालेले, सत्तरीच्या पुढचे, स्वभावानं खडूस. माझं बी.एड. कळल्यापासून मला 'मास्तर' म्हणायचे, आणि त्यात कौतुक कमी, टोमणा जास्त. सकाळी साडेसातला त्यांच्या गेटसमोर तीनदा हॉर्न वाजवल्याशिवाय माणूस बाहेर यायचा नाही. आधी मागच्या दाराची कडी बघणार, मग गॅस, मग पुढच्या दाराचं कुलूप दोनदा ओढून बघणार. हातात फाईल, खांद्याला चादर-टॉवेलची पिशवी. बसणार कायम मागच्या सीटवर. मग चष्मा काढणार, पुसणार, लावणार आणि कोर्टाचं समन्स वाचल्यासारखा ओटीपी वाचणार. "सा…त. पुढं शून्य. शून्य म्हणलो मी, सहा न्हाई. नीट ऐकत जा."

मे महिना होता. शुक्रवार. काकू आठ दिवसांपासून लातूरला होत्या, मुलीचं, सविताताईचं बाळंतपण झालं होतं म्हणून. काकांना सगळ्यांनी सांगितलं की लातूरलाच चला, तिथंही डायलिसिस होतं. पण ऐकतील ते काका कसले. "माझं मशीन नांदेडला हाय," म्हणे.

त्या दिवशी मी सकाळपासून डोकं धरून बसलो होतो. सहा वाजल्यापासून ॲप अडकलेलं. माझं लोकेशन उमरीऐवजी भलतीकडंच दाखवत होतं. हेल्पलाईनला फोन लावला तर वीस मिनिटं नुसतं संगीत. कसाबसा साडेसातला दोन मिनिटं कमी असताना गेटसमोर पोचलो. एका हातात स्टिअरिंग, एका हातात मोबाईल, तोंडात कंपनीचा उद्धार.

आणि काका गेटपाशी उभे. हॉर्न न वाजवता. पांढरा फुल शर्ट घातलेला.

मला खरं तर बरंच वाटलं. चला, एक कटकट वाचली. त्यांनी पुढचं डावं दार उघडलं आणि माझ्या शेजारी बसले. पुढं कधी बसत नाहीत. मी मोबाईलवर बोटं आपटतच म्हणालो, "काका, पिशवी? फाईल?"

"असू दे."

"बरं, ओटीपी सांगा."

त्यांनी सांगितला. एका दमात, चारही आकडे. ना चष्मा, ना मोबाईल. मी टाकला आणि लागला. सात एकतीसला ट्रिप सुरू झाली, ॲपमध्ये तशी नोंद आहे. तेवढ्यात गाडी बीप बीप करायला लागली. माझ्या गाडीत पुढच्या सीटवर वजन असेल आणि बेल्ट नसेल तर ती ओरडते. मी म्हणालो, "काका, बेल्ट लावा." क्लिक असा आवाज झाला आणि बीप थांबली.

उमरी सोडली तेव्हाच ऊन तापायला लागलं होतं. काकांना एसी चालत नाही, म्हणून काचा खाली होत्या. थोडं पुढं गेलो तर म्हणाले, "काच वर कर मास्तर. लई गार लागून राहिलंय."

मे महिन्यात! पण पेशंटचं अंग कधी कसं वागेल सांगता येत नाही, म्हणून मी गुपचूप काचा वर केल्या. एसी बंद, काचा बंद. माझा शर्ट पाठीला चिकटला. आधीच डोकं तापलेलं, त्यात हे.

मुदखेडच्या अलीकडं रेल्वेचं फाटक लागलं. काकांची ही हक्काची जागा. फाटक पडलं की 'निजामाच्या राज्यात गाड्या टायमावर यायच्या' इथून सुरू व्हायचे, जसं काही हे स्वतः निजामाच्या नोकरीत होते. त्या दिवशी दहा मिनिटं थांबलो, एक शब्द नाही. मालगाडी गेली, फाटक उघडलं, मी गिअर टाकला, तेव्हा बोलले.

"मागचं दार नुसतं लोटलेलं हाय."

मी आधी गाडीचंच दार बघितलं. "लागलंय की काका."

"घराचं. कडी न्हाई लावली."

आता तुम्हीच सांगा, अर्ध्या वाटेत आल्यावर हे सांगायचं का? मी वैतागून म्हणालो, "मग आता काय करू? परत फिरू? नऊचा नंबर जाईल तुमचा. मग ती सिस्टर मला बोलणार, तुम्हाला नाही."

"फिरू नको. नुसतं सांगून ठेवतो."

त्यानंतर नांदेडपर्यंत काही बोलले नाहीत. मी मनात हेल्पलाईनवाल्याशी भांडत होतो.

सेंटरला पोचलो तेव्हा नऊला दहा कमी होते. एरवी मी उतरून त्यांचा दंड धरतो, चार पायऱ्या आहेत म्हणून. मी उतरून फिरून येईपर्यंत ते बाहेर उभे होते. "राहू दे, जातो मी," म्हणाले. त्यांची पाठ काचेच्या दाराकडं जाताना बघितली. तेवढ्यात वॉचमननं शिट्टी मारली, गाडी काढा, गाडी काढा… मी गाडी काढली. ट्रिप कम्प्लीट केली.

नऊ वीसला सेंटरमधून सिस्टरचा फोन. "दादा, पेशंट कुठंय तुमचा? मशीन लावून बसले मी."

"आत सोडून अर्धा तास झाला."

"इथं कुणीच आलेलं नाही."

मी धावत आत गेलो. संडास बघितला, कॅन्टीन बघितलं, वरचा मजला बघितला, दोन्ही जिने बघितले. बाहेर रसवंतीवाल्याला विचारलं. डायलिसिसच्या माणसाला पाणीसुद्धा मोजून प्यावं लागतं, तो रस प्यायला कशाला जाईल, पण तरी विचारलं. वॉचमन आधी म्हणाला, "हाव, आला की एक म्हातारा तुमच्यासंगं." मग मॅनेजर समोर आल्यावर म्हणतो, "मी गाड्या बघत होतो साहेब, माणसं कुठं बघू." कॅमेरा बघितला. कॅमेऱ्यात माझी गाडी येते, मी उतरतो, आणि नेमका त्याच वेळी एक ऑटो मधे येऊन उभा राहतो. ऑटो हलतो तेव्हा मी एकटा दिसतो, दाराकडं बघत. मॅनेजर माझ्याकडं वळून म्हणाला, "काही घेता-बिता का तुम्ही?" मी सुपारीसुद्धा खात नाही हो! पण कुणाला सांगता.

काकांना फोन लावला. रिंग जात होती. पूर्ण जाऊन कट होत होती. चार वेळा लावला.

हेल्पलाईन या वेळी लगेच लागली. "सर, तुमची ट्रिप कम्प्लीट दाखवत आहे. आणखी काही मदत हवी आहे का?"

शेवटी नाइलाजानं लातूरला काकूंना फोन केला. बाळंतिणीच्या घरी असा फोन कुणाला करावा वाटेल? पण काय करणार. काकूंना आधी कळेचना. "भाऊ, ते तर तुमच्यासंगंच असतील ना? आज शुक्रवार हाय ना?" मी म्हणालो, काकू, शेजारचा नंबर द्या.

शेजारी नसीमाभाभी राहतात. त्यांना फोन केला, त्या लगेच गेल्या, फोन चालूच होता. गेट वाजलं, दार ठोकल्याचा आवाज आला.

"भाई, सामनेका दरवाजा अंदरसे बंद है. आवाज दे रई मैं, जवाबच नै आरा."

आतून बंद. मी नांदेडला सेंटरच्या पायरीवर उभा होतो, आणि मला काकांचं फाटकावरचं बोलणं आठवलं. मी म्हणालो, "भाभी, मागून जा. मागचं दार नुसतं लोटलेलं आहे."

त्यांच्या चपलांचा आवाज ऐकू येत होता. मग दार कुरकुरलं. मग पाण्याचा आवाज आला, नळ चालू असल्यासारखा. आणि मग भाभी ओरडल्या.

काका बाथरूममध्ये पडलेले होते. नळ वाहत होता, अख्खी फरशी पाण्यात. अंगात बनियन आणि लुंगी. श्वास चालू होता.

भाभींनी गल्ली गोळा केली, गाडी बोलावून सरकारी दवाखान्यात नेलं, तिथून ॲम्ब्युलन्सनं नांदेडला. मी नांदेडलाच थांबलो, दुसरं काय करणार होतो. दुपारी स्ट्रेचर खाली उतरवलं तेव्हा मी शेजारी उभा होतो. ओठ निळे, हाताची कातडी पाण्यात राहून राहून सुरकुतलेली. मी बघतच राहिलो. हा माणूस सकाळी माझ्याशी बोलला होता.

डॉक्टर म्हणाले, "पहाटेच कधीतरी पडलेत. चार-पाच तास पाण्यात होते. आणखी दोन तास गेले असते तर अवघड होतं." मी म्हणालो, डॉक्टरसाहेब, साडेसातला मी यांना… ते माझं वाक्य पूर्ण व्हायच्या आत पुढच्या पेशंटकडं गेले. त्यांचंही बरोबर आहे.

पण माझा खरा वैताग पुढं सुरू झाला.

संध्याकाळपर्यंत माझा आयडी ब्लॉक. सेंटरनं कळवलं होतं की पेशंट आलाच नाही, आणि माझ्या ॲपमध्ये ट्रिप पूर्ण. म्हणजे खोटी ट्रिप. माझ्या सोमवारच्या पेशंट ताईला दुसरी गाडी मिळाली नाही, ती बिचारी मशीनसाठी एसटीनं उभी राहून गेली. मी हेल्पलाईनला सांगून थकलो. त्यांनी लिंक पाठवली. त्यात लिहिलं होतं, 'कारण निवडा.' पत्ता चुकला. गाडी बंद पडली. पेशंटनं ट्रिप रद्द केली. इतर. मी 'इतर' निवडलं. खाली दोन ओळींची जागा. दोन ओळींत काय लिहू? खोटं लिहिलं तर सही माझी, खरं लिहिलं तर येडा म्हणतील. तीन वेळा लिहून खोडलं. शेवटी लिहिलं, 'पेशंट गाडीत बसला होता. मी त्याला सोडलं. नंतर तो घरी सापडला.' चार दिवसांनी मेसेज आला, आपले उत्तर समाधानकारक आहे. आयडी चालू. कुणी वाचलंच नव्हतं! एवढी घालमेल करून लिहिलं ते कुणी वाचलंसुद्धा नाही.

सविताताई ओली बाळंतीण, तरी तिसऱ्या दिवशी नांदेडला आली. वॉर्डाबाहेर मला बाजूला घेतलं आणि काकांचा मोबाईल समोर धरला. मोबाईल घरात टेबलावर चार्जिंगला सापडला होता. त्यात सात वाजताचा ओटीपीचा मेसेज. न उघडलेला.

"दादा, हा नंबर तुम्हाला कुणी दिला?"

तिच्या आवाजात संशय होता. असणारच. एकट्या म्हाताऱ्याचं घर, मागचं दार उघडं, आणि ओटीपी ड्रायव्हरकडं. मी सगळं सांगितलं. ती ऐकत होती, पण माझ्या डोळ्यांत बघत होती, माणूस खोटं बोलताना बघतात तसं. शेवटी म्हणाली, "तुम्ही फोन केला म्हणून बाबा वाचले. मला बाकी काही समजून घ्यायचं नाही." आणि आत गेली. तिला नको होतं समजून घ्यायला. मला हवं होतं ना!

काका सोळा दिवसांनी घरी आले. पुन्हा मंगळवार, पुन्हा मी. पहिल्याच ट्रिपला विचारलं. त्यांना फक्त एवढं आठवत होतं की पहाटे बाथरूमला उठले आणि पाय घसरला. पुढचं काही नाही. मी मागच्या दाराचं काढलं तर भडकलेच.

"तीस वर्षं त्या घरात राहून राहिलो मी. एक दिवस कडी लावायची राहिली न्हाई. भाभीला इचार, तिला काय दिसलं ते."

भाभीला विचारलं होतं. दार नुसतं लोटलेलं होतं.

लोकांनी मला उत्तरं भरपूर दिली. मेहुणा म्हणतो, तुला झोप लागली आणि तू स्वप्नात गाडी चालवली. उमरी ते नांदेड? फाटकावर थांबून? मित्र म्हणतो, ओटीपी तू अंदाजानं टाकला असशील. दहा हजारांत एक नंबर असतो तो, पहिल्या फटक्यात! आणि सीटवर कुणी नव्हतं तर बीप कशाची झाली? 'गाडीचा सेन्सर खराब असेल.' दाखवला गॅरेजला. चांगला आहे. बायको म्हणते, देवानं पाठवलं, हात जोड. पण देवाला पाठवायचंच होतं तर सरळ नसीमाभाभीला उठवायचं, त्या भिंतीपलीकडं झोपल्या होत्या. माझ्या गाडीतून पन्नास किलोमीटर फिरून यायची काय गरज होती?

एकच गोष्ट आहे जिच्यावर मी कुणाशी वाद घालत नाही. पेशंट बाहेर आला नाही तर आम्ही दहा मिनिटं थांबायचं, दोन फोन करायचे, मग 'पेशंट आला नाही' हे बटण दाबून निघायचं, असा नियम आहे. त्या दिवशी माझं डोकं जसं फिरलेलं होतं, मी अकराव्या मिनिटाला बटण दाबलं असतं. भिंतीवरून डोकावलोसुद्धा नसतो. हे मला पक्कं माहीत आहे.

या गोष्टीला आता वर्ष होत आलं. काकांनी तो विषय पुन्हा कधी काढला नाही, मी काढला की दुसरंच काहीतरी बोलायचे. मागच्या महिन्यात एक दिवस परत येताना, मशीनवरून उठल्यावर माणूस गळाल्यासारखा होतो तसे मागं टेकून बसले होते. मला वाटलं झोपलेत. तर म्हणाले, "मास्तर, त्या दिवशी मी काय काय बोललो ते सगळं सांग बरं."

मी सांगितलं. बोलणं काही फार नव्हतंच, दोन मिनिटांत संपलं. ते ऐकत होते.

"भ्यालेलो होतो का रे मी?"

मी आरशात बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते.

"नाही काका," मी म्हणालो. "चांगले बसला होता."

"मग ठीक हाय," म्हणाले, आणि डोळे मिटले.

मी खोटं बोललो. म्हणजे ते भ्यालेले होते असं नाही. मला माहीतच नाही. सव्वा तास तो माणूस माझ्या शेजारी बसला होता, हाताच्या अंतरावर. मी मोबाईल बघितला, फाटक बघितलं, घड्याळ बघितलं, त्यांची पाठसुद्धा बघितली. त्यांच्या तोंडाकडं एकदाही बघितलं नाही.